गप्प बसलेल्यांचं मत

“पुसला? पुसायला तो काय फळा आहे?”

ठिणगी एवढ्या जोरात ओरडली की काकाच्या हातातला चहा बशीत सांडला. घरात तिला ठिणगी म्हणत ते काही उगीच नाही! बिल्डिंगच्या तळमजल्यावर काकाच्या प्रयोगशाळेत मोबाइलवर संशोधन चाले. सुट्टीत मुलांनी तिथं यायला परवानगी होती, आरडाओरडा करायला नव्हती. पण आज तिला गप्प करायची कोणाची छाती झाली नाही.

कारणही तसंच होतं. तिचे आजोबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. काय आवाज होता! मग घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी ठिणगीच्या मोबाइलमध्ये तिच्यासाठी एक निरोप बोलून ठेवला होता. आजोबांचा तेवढाच आवाज जगात उरला होता आणि आज तोच सापडत नव्हता.

“अगं, तुझ्या मोबाइलमधली जागा संपली, म्हणून तो निरोप त्याच दिवशी आपल्या सामायिक कोठारात गेला होता,” काका म्हणाला. “आपल्या बिल्डिंगमधले सगळे मोबाइल मिळून एक कोठार! प्रत्येक फाइलचे तुकडे करायचे आणि सगळ्यांकडे वाटून ठेवायचे, हाच तर आमचा प्रयोग. आता कोठारही भरलं. काय पुसायचं ते सगळ्यांना रीतसर विचारलं. सगळ्यांनी ‘हो’ म्हटल्यावर आज सकाळी पुसायचा हुकूम सुटला.”

“मी कधी ‘हो’ म्हटलं? मी आठवडाभर आत्याकडे होते आणि माझा मोबाइल इथं घरी!”

“आणि आजोबा?” शेजारची वकील मध्ये पडली. ती होती सातवीतच, पण वाद घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. “त्यांनीपण ‘हो’ म्हटलं?”

“त्यांनीपण.”

आजोबा स्वतःचाच आवाज पुसायला सांगतील? शक्यच नाही! ठिणगी तडक जिन्याकडे पळाली. मागून वकील आणि त्यामागून शेपूट. शेपूट म्हणजे ठिणगीचा धाकटा भाऊ. ताई जिथं जाईल तिथं हा मागे असायचाच.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि जोरजोरात मान हलवली. नाही! मग त्यांनी कपाट उघडून लोकरी मोज्यांखालून आपला मोबाइल काढला. तो ऑपरेशनपासून बंद पडून होता. शेजारी ठेवलेल्या पाटीवर त्यांनी लिहिलं, ‘बोलता येत नाही. फोन कशाला?’

पाटी वाचून ठिणगीला रडू फुटायला हवं होतं. तिला आला संताप. मोबाइल मुठीत धरून ती खाली धावली.

“बंद मोबाइलनं ‘हो’ कसं म्हटलं रे काका?”

काका कान खाजवायला लागला. “म्हणजे काय आहे, लोक उत्तरंच देत नव्हते. प्रयोग अडून राहिला असता. म्हणून आम्ही ठरवलं, उत्तर नाही म्हणजे संमती.”

“वा रे वा! ज्या माणसाला बोलताच येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला तू ‘हो’ समजलास? तेही त्याचाच आवाज पुसायला? लाज नाही वाटली?”

“एक मिनिट!” वकील ओरडली. “बंद मोबाइलला प्रश्न कळला नाही. मग पुसायचा हुकूम तरी कसा कळला असेल?”

काका ताडकन उठला. “अरेच्चा! म्हणजे त्यातला तुकडा अजून शाबूत असणार! पण चालू करू नका हं, चालू केला की हुकूम पोचलाच.” त्यानं भराभर कॉम्प्युटरवर शोधलं. “निरोप छोटा, म्हणून दोनच तुकडे होते. एक यात आहे. दुसरा... आपल्या बिल्डिंगमधल्या पोहण्याच्या सरांकडे. त्यांचा मोबाइल हुकूम सुटायच्या आधीपासून बंद दिसतोय!”

“शिकवताना ते बंदच ठेवतात,” शेपूट म्हणाला. “पण वर्ग आत्ता सुटेल!”

तिघं जिवाच्या आकांतानं पळाली. तलावाच्या पलीकडच्या काठावर सर हात पुसत होते. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. अंगठा बटणावर गेला.

“सर! नको!” ठिणगी ओरडली, पण पोरांच्या गलक्यात ऐकतो कोण?

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. “बुडालोऽऽ! वाचवा!” शेपटानं कपड्यांसकट उडी मारली होती! सरांनी मोबाइल टॉवेलवर टाकला आणि सूर मारला. वकीलनं वळसा घालून तो उचलला.

“गाढवा!” सर पाण्यातच कडाडले. “शाळेत पोहण्यात पहिला येतोस ना तू?”

“सॉरी सर,” शेपूट तोंडातलं पाणी थुंकत म्हणाला. “तुम्ही चला आमच्याबरोबर, सगळं सांगतो.”

प्रयोगशाळेत एक लोखंडी पेटी होती. तिच्या आत नेटवर्क पोचत नसे. काकानं दोन्ही मोबाइल त्या पेटीत ठेवून चालू केले आणि आतल्या वायरीनं तुकडे बाहेर ओढून घेतले. आजोबा दाराशी उभे होते. काकाच्या साहेबीणबाईही आल्या होत्या. काकानं बटण दाबलं.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!” खणखणीत आवाज घुमला. “ठिणगी ही गाडी नेहमीप्रमाणे तापलेली आहे. तिला थंड करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ती वेळेवर सुटेल आणि जायचं तिथं पोचेल!”

आजोबांचे खांदे गदगदा हलले. ते हसत होते, आवाज न करता. ठिणगीनं त्यांना घट्ट मिठी मारली आणि मग मात्र ती रडली.

“शाबास पोरांनो!” साहेबीणबाई म्हणाल्या. “आमच्या कुणाच्या ध्यानात न आलेली चूक तुम्ही पकडलीत.”

“शाबासकी ठेवा तुमच्याकडे,” ठिणगी डोळे पुसत म्हणाली. “आधी तो नियम बदला!”

“अगं, नियम बदलायलाही सगळ्यांचं मत लागतं,” काका चाचरत म्हणाला. “आणि लोक तर उत्तरंच देत नाहीत. आता गप्प बसण्याला ‘हो’ही धरता येणार नाही.”

आजोबांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मग जिने चढ आणि विचार!’

काकानं साहेबीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. त्यानं निमूट चपला घातल्या आणि पहिल्या मजल्यावरची पहिली बेल वाजवली.