इंदुमतीबाईंचा डावा हात

ग्रामसभेत हात वर करून मत द्यायचं आणि छताला लावलेल्या यंत्राने ते मोजायचं, ही पद्धत वेळवलीत येऊन वर्ष झालं होतं. यंत्राचं सरकारी नाव ‘हस्तगणक’. गावाने त्याचं ‘हातमोज्या’ केलं.

त्या सकाळी ठराव होता शाळेच्या मैदानावर ड्रोनतळ बांधायचा. सरपंच भिकाजी साळवींनी विचारलं, “बाजूने कोण?”

इंदुमती खोतांचा डावा हात झपकन वर गेला.

सगळ्यांच्या माना वळल्या. निवृत्त मुख्याध्यापिका इंदुमतीबाई म्हणजे कुठल्याही ठरावाला हमखास विरोध. त्यांनी उजव्या हाताने डावा खाली ओढला, तर तो शेजारणीच्या डोक्यावर आपटून पुन्हा वर गेला. गेले दोन दिवस तो असाच उसळत होता. काल त्याने चहाचा कप खिडकीबाहेर भिरकावला होता. बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. आंब्याच्या दिवसांत त्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांना सुट्टी दिली होती, हेही नाही.

“बाजूने एक्केचाळीस, विरोधात चाळीस,” हातमोज्या बोलला. “ठराव मंजूर.”

“भिकाजी, हे माझं मत नाही!” बाई ओरडल्या.

“बाई, हात तर तुमचाच आहे,” त्यांचा हा जुना विद्यार्थी नम्रपणे म्हणाला. तेवढ्यात त्याच हाताने त्याची टोपी उडवली.

कुणी हसलं, कुणी देवी अंगात आली म्हणून हात जोडले. गावची आशासेविका शबनम मात्र बाईंच्या पायाकडे पाहत होती. डावा पायही वळवळत होता. तिने बाईंच्या बोटाला सुई टोचली. साखर पाचशे बारा!

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर पाटणकरांनी मेंदूची छायाचित्रं काढली. “मेंदूत खोलवर हालचालींना लगाम घालणारी केंद्रं असतात,” त्या म्हणाल्या. “साखर फार वाढली की क्वचित एका बाजूचा लगाम सुटतो. झोपेत हात शांत असतो ना?”

“मी झोपलेली असते. मला कसं कळणार?”

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी इन्सुलिन सुरू केलं. बाई मात्र घाबरल्या होत्या. ज्या हाताने चाळीस वर्षं फळा पुसला, तो आता परक्यासारखा वागत होता. साखर उतरली, तसा आठवड्याभरात हातही निवला.

डॉक्टरांचा दाखला जोडून बाईंनी फेरमतदान मागितलं. तालुक्याहून आलेल्या अभियंत्याने यंत्राला नवी विद्या शिकवली. माणूस मनाने ठरवून हात उचलतो तेव्हा त्याआधी खांद्याचे स्नायू नकळत तयारी करतात. ती तयारी नसेल तर हात ‘इच्छेविना’ समजून बाद करायचा.

पुन्हा सभा भरली. या वेळी बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विरोधाची पाळी येताच डावा मुद्दाम रुबाबात उचलला.

“बाजूने चाळीस,” हातमोज्या बोलला. “पैकी अठरा इच्छेविना. बाद.”

सरपंचांची टोपी जागेवर होती, चेहरा मात्र उतरला.

“विरोधात एक्केचाळीस. पैकी नऊ इच्छेविना. बाद. ठराव नामंजूर.”

मैदान वाचलं! बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग भिंतीवरच्या पडद्यावर बाद झालेल्यांची नावं झळकली आणि विरोधातल्या यादीतलं नववं नाव वाचून त्यांच्या टाळ्या थांबल्या. खोत इंदुमती.

“यंत्र बिघडलंय!” त्या कडाडल्या. शबनमने सत्तावीसही जणांची साखर तपासली. कुणाचीही वाढलेली नव्हती. बाईंची तर एकशे अठरा.

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळी सभा कान देऊन ऐकत होती.

“डॉक्टर, साखर चांगली आहे, हात स्थिर आहे, मैदानही मला हवंच होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मग आत्ता माझा हात उचलला कुणी?”