केतकीभोवतीची ठिगळं

प्रयोगशाळेच्या पडद्यावर भालचंद्र पाध्येच्या स्मृतियंत्राची आज्ञावली उघडी होती. ती लिहिणारी मृदुला, म्हणजे त्याची बायको, समोर अवघडून बसली होती. आपलं काम दुसऱ्याने तपासलेलं कुठल्याच प्रोग्रॅमरला सोसत नाही.

“ताई, यात मूळ आज्ञावली थोडी आणि ठिगळंच फार,” प्रयोगशाळेचा नवा प्रमुख इरफान मुजावर म्हणाला. “म्हणून भालचंद्र सर हातात घास धरून थिजतात. पुढच्या वेळी कदाचित भानावर येणारच नाहीत. सगळं नव्यानं लिहू या.”

मृदुलाला हे कळत नव्हतं थोडंच! अपघातात भालचंद्रच्या मेंदूतलं स्मृतिकेंद्र गेलं आणि लहानगी केतकी गेली. गाडी मृदुला चालवत होती. यंत्र बसवल्यावर लेक आठवली की तो ऊर फुटेस्तोवर आक्रोश करायचा. मृदुलाला बघवेना. तिने एक ठिगळ लावलं: केतकीची आठवण वर येऊ लागली, की त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. मग त्याने विचारलं, हा फ्रॉक कुणाचा? दुसरं ठिगळ. शाळेची घंटा, बागेतली घसरगुंडी, आंबापोळी, सगळ्यांना एकेक लावावं लागलं.

“आठवणी पुसल्या नाहीत ना?”

“माझ्याच्याने पुसवतील का रे?”

“मग नव्या आज्ञावलीत सरांना सगळं आठवेल.”

“म्हणूनच नको म्हणतेय. डागडुजी करत राहू.”

इरफान घुटमळला. “सर्वांत जास्त वेळा कुठलं ठिगळ चालतं, पाहिलंत? तुमचा चेहरा दिसला की चालतं ते. केतकी तुमच्यावर गेली होती ना?”

इतकी वर्षं नवरा मृदुलाला पाहून मान फिरवायचा. लेक आठवत नसली तरी आत कुठेतरी त्याला ठाऊक आहे, त्याने आपल्याला माफ केलेलं नाही, असंच ती धरून चालली होती.

“लिही नव्यानं,” ती म्हणाली.

नवी आज्ञावली सुरू झाली. भालचंद्रने डोळे उघडले आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

“केतकी गेली ना गं?”

“हो.”

“आणि तू एकटीच इतकी वर्षं...” त्याने मान फिरवली.

मृदुलाने घाबरून इरफानकडे पाहिलं.

“यात एकही ठिगळ नाही, ताई,” तो हळूच म्हणाला.

“मला बघवत नाही गं तुझ्याकडे. तीच दिसते,” भिंतीकडे तोंड करून भालचंद्र म्हणाला, आणि चाचपडत त्याने तिचा हात धरला.