साधनाताईचे कोंगो

सिडकोत पावसाची सर चुकवायला मंजुषा ज्या पोर्चमध्ये शिरली, तिथे कमरेएवढ्या ढोलांसारखे तीन कोंगो उभे होते आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘विकणे आहे’. ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवणारी मुलगी ती. तिचे हात शिवशिवले. तिने लाकडावर बोटं टकटकवली, मोबाइलचा टॉर्च लावून आत चीर शोधली, मग थाप दिली... आणि दचकलीच. श्रावणाच्या दमट हवेत कातडं हमखास सैल पडतं. हे मात्र टणटणीत!

“घेणार, की नुसतेच मारणार बिचाऱ्यांना?” दारातून हसरा आवाज आला.

तो स्वराज. अंबडच्या कारखान्यात कामाला. कोंगो त्याच्या साधनाताईचे. ताई देवाघरी गेल्यापासून त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

“आज नाही सांगता येणार,” मंजुषा म्हणाली. “सैल करून ठेवते. कातडं जिवंत असेल, तर उद्या ताणल्यावर सुरात येईल.”

“म्हणजे... उद्या याल?”

“यावंच लागेल ना!”

कोंगोंपाशी पडलेल्या पान्याने तिने बोल्ट ढिले केले, मग दोघांनी कोंगो उचलून आत ठेवले. बोटांना बोटं लागली, आणि उगाचच दोघं पावसाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आली, तर तिन्ही कोंगो ताणलेले. अगदी सुरात.

“तुम्हीच ताणलेत!”

“छे! मी कशाला?”

त्याचे कान मात्र लाल झाले होते. लबाड! आपण परत यावं म्हणून करतोय हा, असं मंजुषाने मनाशी धरलं आणि खुशीत पर्समधल्या पान्याने पुन्हा सैल केले. मग ते रोजचंच झालं. तुम्हीचं तू झालं, चहात आलं वाढलं, पण कोंगोंचा निकाल काही लागेना. तो लागला की येणं संपणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी स्वराजचा चेहरा उतरलेला होता.

“मंजुषा, थट्टा पुरे. मी नाही ताणत गं. तुला थांबवायला काहीही केलं असतं... आवडतेस तू मला. पण ताणू कशाने? ताईचा पाना पहिल्या दिवसापासून सापडत नाहीये, तू तर तुझाच आणतेस. आणि मी कामावर गेलो की घराला कुलूप असतं.”

मंजुषाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने पर्समधला तो पाना काढून पुढे केला.

“हा ताईंचाच. मीच नेला होता. यायला निमित्त हवं म्हणून... मला वाटलं, तू कारखान्यातून दुसरा आणला असशील.”

मधल्या कोंगोवर हलकेच थाप पडली. जवळ कुणीही नव्हतं.

“ताई?” स्वराजच्या तोंडून एवढंच फुटलं.

 मंजुषा कोंगोपाशी वाकली. “ताई, पुरे आता. नका हात दुखवून घेऊ. मलाही हा आवडतो. मी येत जाईन... कारण नसलं तरी.”

कातड्यातून बारीक गुणगुण उठली आणि सूर हळूहळू उतरत गेला. बोल्टला कुणी हात न लावता तिन्ही कोंगो सैल पडले.

“आता कोण घेणार हे?” ती पुटपुटली.

“विकायचेच नाहीत.”

त्याने आपला हात कधी धरला, तिला कळलंच नाही. सोडायची मात्र दोघांचीही हिंमत झाली नाही.