साध्या पाण्यात आजार

"आज यंत्रासमोर मी बसणार," टिकली म्हणाली.

"मावशीनं मला बसवलंय," तिचा मावसभाऊ पंडित खुर्ची न सोडता म्हणाला. "तू बाटल्या पूस."

टिकलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टीत मावशीच्या प्रयोगशाळेत तीही आली होती, तिची धाकटी बहीण छोटीही आली होती. पण मावशीच्या तोंडी कौतुक मात्र पंडितचंच!

आजार ओळखणाऱ्या त्या यंत्रात नखाएवढा हिरा होता. हिरवा प्रकाश पडला की तो लाल चमकायचा. आजाराच्या रेणूंना चुंबकी कण चिकटवलेले असत. ते रेणू हिऱ्यावर बसले, की चमक उतरायची. पण आज साध्या पाण्यालाही ती उतरत होती!

"पोरांनी हिऱ्याला बोटं लावली असणार," मदतनीस काका म्हणाले.

मावशीनं पंडितकडे पाहिलं. "असं असेल, तर उद्यापासून तू इथे यायचं नाहीस."

पंडितचा चेहरा पडला. आता खुर्ची टिकलीचीच होती. फक्त गप्प बसायचं होतं.

पण सकाळपासून ती डोळ्यांत तेल घालून त्याची चूक शोधत होती. त्यानं बोटही लावलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती पुढे झाली. "मावशी, त्यानं हात लावला नाही. काका वाकून बघतात ना, तेव्हाच चमक उतरते."

"म्हणजे मी आजारी आहे की काय?" काका हसले.

टिकलीनं छोटीला खूण केली. "काका, हा लाल ठिपका कसला हो?" छोटीनं भाबडेपणानं विचारलं. काका वाकले. चमक मोजणारी पडद्यावरची रेघ घसरली. ते मागे झाले, रेघ वर आली.

"खिशावर काय आहे तुमच्या?" पंडित ओरडला.

काकांनी नावाची पट्टी काढली. मागे पिनेऐवजी चुंबक होतं. "शर्टाला भोकं पडतात म्हणून कालच बदलली," ते ओशाळून म्हणाले. पट्टी बाहेर ठेवताच साध्या पाण्यातला आजार पळाला.

"तुझ्या कसं लक्षात आलं गं?" मावशीनं विचारलं.

"मी पंडितवर जळत होते. म्हणून त्याच्यावरून नजरच हलली नाही."

मावशी हसली. "आणि तरी जे दिसलं तेच सांगितलंस. शाबास! बस आता यंत्रासमोर."

थोड्याच वेळात पंडित कुरकुरला, "अजून किती वेळ बसणार आहेस?"

त्या आवाजातली जळजळ टिकलीच्या चांगलीच ओळखीची होती. ती जरा सरकली. खुर्ची तशी रुंद होती.