काकूंची पंचेचाळीसची तबकडी

दुरुस्त केलेला रेकॉर्ड प्लेअर मांडीवर घेऊन गौरांग अमरावतीहून अकोल्याला निघाला. एसटीत शेजारच्याने विचारलंसुद्धा, "शिलाई मशीन घेतली का जी?" गौरांग नुसता हसला. तिथे जठारपेठेत काकांच्या घरी त्या दिवशी अनुपमाकाकूंचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं उरकली की काकूंचं गाणं सगळ्यांना नीट ऐकवायचं आणि एकदाचं मोकळं व्हायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

काकू गाण्याच्या शिकवण्या घ्यायच्या. तरुणपणी मुंबईला जाऊन त्यांनी एकच गाणं रेकॉर्ड केलं होतं, मिरवायला तेवढंच. तीस वर्षांपूर्वी, कोजागिरीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, कॉलेजात जाणाऱ्या या दिवट्याने ती मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी मुद्दाम अठ्ठ्याहत्तरच्या वेगावर लावली. काकूंचा आवाज खारुताईसारखा चिरकला. माणसं पोट धरधरून हसली. काकूही हसल्या, तोंडाला पदर लावून. दुसऱ्या दिवशी शिकवण्या बंद झाल्या. काकू पुन्हा कधी गायल्या नाहीत. गौरांगला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटायची. माफी मागायची राहूनच गेली.

दुपारी सगळे बैठकीत जमले. वेगाचा खटका पंचेचाळीसवर आहे, हे गौरांगने दोनदा पाहिलं आणि सुई टेकवली.

तोच चिरका आवाज!

त्याने घाईघाईने खटका तेहतीसवर ओढला.

"काहून हळू केलं रे?" गोपाळकृष्णकाका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "चांगली गाऊन राहिली होती ना ती..."

"काका, तुमाले... बरोबर ऐकू येत होतं?"

"हो. तिचाच आवाज. लाव पुन्हा."

त्याने खटका परत सरकवला. स्वयंपाकाला आलेल्या चतुराबाई दारातच डोळे पुसू लागल्या. गौरांगच्या एकट्याच्या कानात मात्र ती चिरचिर वाढतच गेली. पोटातून हसू उसळलं. त्याने ओठ चावले, तोंडावर हात दाबला. श्राद्धाच्या घरात, काकूंच्याच गाण्यावर... शरमेने त्याची कानशिलं तापली. पण हसू फुटलंच.

कुणीच रागावलं नाही. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले, पांढरेफटक पडून. काका भिंतीला धरत उठले, जवळ आले. गौरांग अजून हसतच होता.

"अनु..." काका गौरांगच्या चेहऱ्याकडे पाहत कुजबुजले, "रडून काहून राहिली...?"