दिवस असेतोवर

बाहत्तरच्या दुष्काळात मुक्ता सरकारी कामावर खडी फोडायला जायची. एकदा हातोडा अंगठ्यावर बसला म्हणून ती नेवाशाच्या दवाखान्यात आली, तर वजनकाट्यावर मच्छिंद्र उभा होता. देवळालीच्या बागायतदाराचा पोरगा, अंगानं चांगला दांडगा.

"काटा सरकारी हाय, मोडू नका," ती म्हणाली.

"मग तू ऱ्हा उभी. तुझ्यानं तर तो हलायचाबी न्हाई."

"आमच्यात यंदा हीच फ्याशन हाय."

तो हसला... आणि हसता हसता त्याचा हात छातीवर गेला.

ती पट्टी बदलायला यायची, तो वजन करायला. अंगठा बरा झाला तरी ती येत राहिली. एकदा त्यानं दबक्या आवाजात सांगितलं, वडील चाळिशीतच छातीत कळ येऊन गेले. त्याचंही काळीज थकलंय. डॉक्टर म्हणतात, वजन उतरव. दिवस असेतोवर जेव, दिवे लागल्यावर घासही नको.

"घरी सांगितलं न्हाई. आई धसका घेईल."

"जमतंय का?"

"आठवडाभर रातीचा उपाशी झोपलो."

"मीबी," ती म्हणाली.



त्यानं मागणी घातली. मुक्ताच्या वडिलांना, सहादेवला, आनंद झाला. पण सुपारी फोडायला मच्छिंद्र आला तेव्हा त्याचा सदरा अंगावर लोंबत होता. भरल्या घरचं माणूस या साली वाळतं, म्हणजे कणगीचा तळ लागला असणार. घरी खायला आहे की नाही ते ताटावरच कळेल, म्हणून सहादेवनं त्याला मुद्दाम सांजेपर्यंत बसवलं. उसन्या गव्हाच्या पोळ्या झाल्या, कंदील लागला, ताट आलं.

"खा, पाव्हणं. बघू तरी."

मच्छिंद्रनं मुक्ताकडं पाहिलं आणि घास मोडला.

तिनं ताट ओढून घेतलं. "यांना राती खायचं न्हाई, आबा. काळीज दुखतं यांचं."

सहादेव उठला. "आजारी मानसाला पोर द्यायची न्हाई."

दाराशी मच्छिंद्र हळूच म्हणाला, "एका दिसानं मेलो नसतो मी."

"आज आबांसाठी खाल्लं असतं, उद्या आईसाठी... परवा माझ्यासाठी."

"दुसरी बघतील मला."

"बघू द्या. पर तिला पहिल्याच दिशी सांगा — दिवस असेतोवर वाढ म्हणून."

तो गेला. ती आत आली. सहादेवनं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"वाया घालवू नगं."

तिला भूक लागली होती, कित्येक महिन्यांची. डोळे पुसत पुसत ती सगळं जेवली.