ऑर्मची वेल

मेण

क्लार्कनवेलच्या अक्षर-कारखान्यात आमोस केटलबी नकला करायचा. दुसऱ्याने लाकडात कोरलेलं अक्षर मेणावर दाबायचं, उमटलेल्या ठशात ग्रॅफाइटची पूड पसरायची आणि ठसा तांब्याच्या द्रावणाच्या हौदात टांगायचा. विजेच्या जोरावर त्यावर हळूहळू तांब्याचं कातडं चढे आणि अक्षराला जुळं भावंड होई.

नियम एकच. पूड मऊ ब्रशनेच लावायची; उघडं बोट मेणाला लागता कामा नये. बोटाच्या रेषा मेणात राहतात.

लंडनच्या भिंती तेव्हा जाहिरातींनी नुसत्या ओरडत असत. चहा, औषधी गोळ्या, सर्कस. प्रत्येक अक्षराला शेजारच्यापेक्षा जाड आणि नटलेलं व्हायचं होतं. म्हाताऱ्या ऑर्मने लाकडात कोरलेली अक्षरं ओरडत नसत. लोकच त्यांच्यापाशी थांबत. ऑर्म वारला तेव्हा कारखान्याचे मालक मिस्टर रज यांनी त्याची अख्खी अक्षरमाला लिलावात उचलली.

पहिलं ‘ए’. पायांना माशाच्या शेपटीसारखे फाटे, पाठीमागे रेखीव सावली, आणि अंगावर चढत गेलेली द्राक्षवेल. एका पानाच्या शिरा दुसऱ्यासारख्या नाहीत. भिंगातून बघता बघता आमोस जेवायचं विसरला. जन्मभर नकला केलेल्या माणसाला असं एखादं पान तरी आपल्या हातून व्हावं असं वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

वेलीच्या टोकाला मात्र नुसता देठ होता. पान नाही.

तांबं

नक्कल निघाली. देठाच्या टोकाशी भोक.

पुन्हा केली. तिथेच भोक.

“उंदराने कुरतडलं काय रे केटलबी?” रज म्हणाले.

“पूड नीट लावली होती, साहेब.”

“मग तांब्याला तुझं थोबाड आवडत नसेल! शनिवारी ‘ए’ हातात पाहिजे. नाहीतर सोमवारी या बाकावर दुसरा माणूस बसेल.”

अक्षरं घासायला बसणाऱ्या डोर्कसबाई पूर्वी ऑर्मकडे कामाला होत्या. रज गेल्यावर त्या म्हणाल्या, “सोड बाबा त्याचा नाद. त्याच्यासारखा होशील.”

“कसा?”

“देखणा नाही होणार, घाबरू नकोस.” त्या हसल्या, मग हसू आवरून हात पुसत राहिल्या. “शेवटी शेवटी त्याच्या हातात काही टिकत नसे. कप निसटायचा, छिन्नी निसटायची. बोटं चमच्याच्या पाठीसारखी गुळगुळीत. आणि म्हातारा खुशीत!”

अंगठा

आमोसच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी सुरी लागल्याचा तिरका वण होता. नव्या ठशात पूड पसरताना त्याने ब्रश खाली ठेवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. अंगठा पुडीत बुडवून त्याने देठाच्या टोकावर दाबला.

मेण केव्हाच निवलं होतं. तरी ते ऊबदार लागलं.

शाई

शनिवारी भोक नव्हतं. शाई लावून कागद उचलला, तर देठाला पान.

“वा!” रज म्हणाले. “हेच पान नकलेत गळत होतं होय?” ते शीळ घालत निघून गेले.

गळत होतं?

आमोसने ऑर्मचं मूळ लाकूड भिंगाखाली धरलं. तिथेही पान होतं. जुनं, तेलाने काळवंडलेलं, खाचांत वर्षांची धूळ बसलेलं. शिरा गोल गोल फिरत मध्यावर येत होत्या. त्यांना छेदून गेलेली एक तिरकी रेघ.

डोर्कसबाईंनी वाकून पाहिलं. मग त्याचा हात धरून उलटा केला.

अंगठ्यावर वण नव्हता. रेषा नव्हत्या.

“दुखलं?”

“नाही.”

“त्यालाही दुखत नसे.”

सोमवारी ते पान शहरभर भिंतींवर लागणार होतं. त्याचं पान. आमोसला भीती वाटायला हवी होती. त्याने ‘बी’ समोर ओढलं.

त्याच्या वेलीला दोन देठ उघडे होते.

ब्रश हातातून निसटून पडला. त्याने तो उचलला नाही.